मूर्ती मोडायची कोणी

शनिवार मला कोणी दिला नव्हता. तो मी भांडून घेतला होता.

अंधेरीच्या एका स्टुडिओत मी सुतार म्हणून लागलो, ती पन्नासनंतरची सालं. स्टुडिओ म्हणजे पत्र्याच्या उंच उंच शेडी, एका अंगाला म्हशींचा तबेला, मागे भातखाचरं. आत राजवाडा आणि बाहेर शेण. लागलो त्याच दिवशी मॅनेजरला सांगून टाकलं होतं की शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मी घरी जाणार आणि शनिवारी येणार नाही. आमचा शनिवार शुक्रवारच्या मावळतीला लागतो आणि शनिवारच्या मावळतीला संपतो. त्या बदल्यात रविवारी, सगळे घरी असतात तेव्हा, मी येईन आणि पुढच्या आठवड्याचं लाकूड कापून ठेवीन. मॅनेजर म्हणाला, "शनिवारी काय, मारुतीला जातोस?" मी म्हणालो, "आमच्या देवानं सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी तो बसला. तो बसलेला असताना मी उभा राहत नाही." त्याला काही उमगलं नाही. पण चांगले सुतार तेव्हा सगळे शहरात पळत होते, अंधेरीला यायला कोणी तयार नसायचं. म्हणून त्यानं हो म्हटलं. वर्षभर कुरकुर केली, मग सवय झाली.

आम्ही बेने इस्राएल. मूळचे कुलाबा जिल्ह्यातले. वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत. घरात मराठी, कालवणात नारळ, बायकोच्या गळ्यात मंगळसूत्र. चाळीत नवीन आलेल्या माणसाला आमच्यात वेगळं काही दिसायचं नाही. फक्त घरात देव्हारा नसायचा, आणि दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला एक बोटभर नळी ठोकलेली असायची. तिच्यात देवाचं वचन लिहिलेली गुंडाळी. येताजाता तिला बोटं लावून ओठांना लावायची. मी शाळा चौथीत सोडली. धर्मातलं जे मला ठाऊक ते वडिलांना बघून बघून ठाऊक. पुस्तकातलं विचारलंत तर मी गप्प बसेन.

आमच्या सुतारांचा मुकादम रोह्याकडचा, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातला. तो मला तेल्या म्हणायचा. मी त्याला खोत म्हणायचो, कारण गावी त्याची जमीन एक मिरचीचं रोप लावण्याइतकी होती. आमचं पटायचं. दुपारी डबे शेजारी शेजारी उघडायचे. माझ्या डब्यात मटण असलं तर तो विचारायचा, "आज दही नाही वाटतं?" त्याला ठाऊक होतं की मांसाबरोबर आम्ही दूधदही खात नाही. मुद्दाम विचारायचा.

एका साली स्टुडिओत एक पौराणिक चित्र आलं. देवीच्या भक्तिणीची गोष्ट होती. मोठं देऊळ उभारायचं, गाभारा करायचा आणि गाभाऱ्यात चार हातांची देवी, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढी उंच. खांब, दारं, कमान हे सगळं माझ्याकडे आलं आणि मी आनंदानं केलं. मग मुकादम म्हणाला, "आता देवीचा सांगाडा."

अशी मूर्ती आतून लाकडाची असते. फळ्या-पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर प्लास्टर. पाठ उघडीच ठेवतात, कारण कॅमेरा पुढून बघतो. वरचं प्लास्टर साचेवाले करणार, आतलं लाकूड सुताराचं.

मी म्हणालो, "खोता, मूर्ती करायची आम्हाला मनाई आहे. दहा आज्ञांतली आहे, साधीसुधी नाही."

"मूर्ती साचेवाला करणार. तू नुसती लाकडं जोड."

मला ते पटलं. लाकडाला तोंड नाही, डोळे नाहीत. ते खांबाला लावलं तर खांब, खुर्चीला लावलं तर खुर्ची. मी सांगाडा केला आणि चांगला केला, पाचरीवर पाचर बसवून, कारण वर चढून लाइटवाले फिरणार होते आणि कोणाच्या अंगावर पडायला नको होता. घरी येऊन बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "म्हणजे पोटातलं पोर तोंड दिसल्यावरच पोर होतं का?"

मी म्हणालो, "तुला लाकडातलं काय कळतंय?"

"लाकडातलं नाही कळत. पोटातलं कळतं."

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. पण त्या दिवसापासून माझं चित्त जागेवर राहीना. शेडीत काम करता करता मी उगाच बाहेर जायचो, तबेल्यापर्यंत चालून परत यायचो.

देवी रंगवून उभी राहिली आणि शेडीतली हवाच बदलली. पहिल्या दिवशी एका लाइटवाल्यानं पायाशी जास्वंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी कोणी उदबत्ती लावली. मग चपला बाहेर निघायला लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. शिव्या दिल्याशिवाय ज्याला हातोडी उचलता येत नसे, तो माणूस आत आला की गप्प. भक्तीण झालेली नटी शॉट संपल्यावरही तिथेच हात जोडून बसायची. मीही चपला बाहेर काढायचो. देवीसाठी नाही. मुकादम काढायचा म्हणून.

चित्रण संपलं एका मंगळवारी. बुधवारी सकाळी मॅनेजरनं हुकूम दिला की सोमवारी याच शेडीत नव्या चित्राचा दिवाणखाना उभा राहिला पाहिजे, म्हणून देऊळ उतरवा. खांब उतरले, कमान उतरली, दारं उतरली. दुपारपर्यंत सगळं मोकळं झालं आणि मधे एकटी देवी राहिली. तिच्यापाशी कोणी जाईना. पहारी भिंतीला टेकवून माणसं बिडी ओढायला बाहेर गेली.

मुकादमानं अंधेरी गावातून एका भटजीबुवांना आणलं. बुवांनी मूर्तीभोवती फिरून पाहिलं, उघड्या पाठीतून आत डोकावलं आणि म्हणाले, "हिच्यात प्राण कधी घातलाच नाही. प्रतिष्ठा नाही तर विसर्जन कसलं? हे प्लास्टर आहे, खुशाल फोडा." आणि चहा पिऊन गेले. तरी कोणी पहार उचलेना. मुकादम म्हणाला, "बुवांना काय जातंय सांगायला. फोडायला ते थोडेच येणार?"

मग मॅनेजरला आठवलं की एक माणूस आहे. त्यानं मला बोलावलं. "मिस्त्री, तुम तोड डालो. तुमको क्या पाप लगेगा?"

मी म्हणालो, "मी एकटा मोडणार नाही."

"क्यों, तुम्हारे में तो मूर्ती मानते नहीं."

"मानत नाही. म्हणूनच मोडणार नाही."

तो तापला. म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शेड मोकळी झाली तर ठीक. नाही झाली तर शनिवार-रविवार दोन्ही दिवस सगळ्यांनी यायचं, मीसुद्धा. आणि एकदा शनिवारी आलास की पुढचे सगळे शनिवार यायचं, हे लाड बंद. नको असेल तर दुसरीकडे काम बघ.

झालं. आता माझा शनिवार त्या देवीच्या पायाशी जाऊन पडला.

तुम्ही म्हणाल यात एवढं काय होतं. मूर्ती फोडली असती तर माझा धर्म उलट खूशच झाला असता, आणि शनिवारही राहिला असता. दोन्ही हातांत लाडू. मुकादमही तेच म्हणाला. मागच्या खाचराच्या बांधावर आम्ही बसलो होतो.

"तेल्या, तूच मोड की रे. तुला पाप नाही, आम्हाला आहे. एवढं कर."

"आणि उद्या तुम्ही डबा उघडून माझ्या शेजारी बसाल?"

"का नाही बसणार?"

"बसशील. पण मनात म्हणशील, यानं फोडली. हात चालला याचा. माझ्या धर्मानं मूर्ती करू नको सांगितलंय, खोता. तुमच्या मूर्तीचा खाटीक हो असं नाही सांगितलं."

त्याला राग आला. म्हणाला, "सांगाडा करताना हे शहाणपण कुठे होतं? पगार घेतलास ना?" आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तो दुसऱ्या कोपऱ्यात बसला. बाकीच्यांनी तर ठरवूनच टाकलं की मी अडून बसलोय तो मॅनेजरकडून काही उकळायला. एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "यांच्या शनिवारापायी आमचा रविवार पण जाणार." मी तबेल्याकडे निघून गेलो. तिथे थांबलो असतो तर हात उचलला असता.

घरी बायकोचं वेगळंच. "मोडा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली. "मोडायला तुमचा हात उठत नाही याचा अर्थ काय समजायचा मी? बसली की काय ती तुमच्या मनात?"

"कोण?"

"कोण म्हणजे? जिच्या पाठीत तुम्ही शिरला होतात ती."

मला घरात बसवेना. गुरुवारी सुट्टी झाल्यावर मी कुर्ला रोडनं चालत सुटलो. बस होती, पण बसमध्ये बसावं लागतं. दोन्हीकडे शेतं, मधूनच एखादा कारखाना, मधे ताडीची झाडं. कुर्ल्याला माझे मामा राहायचे. आमच्या लोकांची तिथे थोडी घरं होती आणि सणावाराला मामाच प्रार्थना म्हणायचे. शहरातल्या प्रार्थनेच्या जागेला ते जुन्या माणसांसारखं मशीदच म्हणायचे. मी सगळं सांगितलं. मामांनी अर्धंही ऐकून घेतलं नाही.

"मोड," ते म्हणाले. "विचारायला कशाला आलास? आपण सगळे ज्याच्यापासून आलो त्या पहिल्या बापानं काय केलं? बापाच्या दुकानातल्या सगळ्या मूर्ती दांडक्यानं फोडल्या."

"मामा, त्या त्याच्या बापाच्या होत्या. घरातलं भांडण. ही माझ्या सोबत्यांची आहे."

"सोबती मोठे की देव?"

"देवानं मला सोबत्यांच्यातच टाकलंय. आपल्यातला तिथे मी एकटा आहे."

मामा उठून दाराशी गेले. मग म्हणाले, "लहानपणापासून तू असाच. शनिवार गेला तर माझ्याकडे रडत येऊ नकोस." मामींनी जेवायला थांब म्हटलं, पण मी थांबलो नाही. आलो तसा चालत परत.

त्या रस्त्यावर मला एक गोष्ट सुचली. सुचली म्हणजे आठवली. लहानपणी आमच्या गावी शेजारच्या घरी गणपती बसायचा. आम्ही पोरं ओटीवर उभं राहून बघायचो. बुडवायला न्यायच्या आधी ते आरती करायचे, हातावर दही ठेवायचे आणि मग घरातला म्हातारा पाट धरून मूर्ती जराशी हलवायचा. इतकीशी. ती हलली की घरातल्या बायकांचे डोळे भरून यायचे. त्याच्या नंतर तो देव राहिला नाही, पाहुणा निघाला.

शुक्रवारी सकाळी मी मुकादमापुढे जाऊन उभा राहिलो. तो रंध्याला धार लावत होता, मान वर केली नाही.

"गावी गणपती हलवता की नाही?"

"हलवतो. मग?"

"मग हिला हलवा. बुवा नको, कोणी नको. तुम्ही फुलं वाहिली, तुम्हीच निरोप द्या. दही मी आणून देतो."

"तू आणणार दही?" भांडणानंतर पहिल्यांदा तो हसला. "आणि मग?"

"मग मी मागून खोलतो. मोडत नाही, खोलतो. पाचर मी ठोकली, पाचर मी काढीन. पण तुम्ही सगळ्यांनी पुढून धरायची. हात सुटला की माझ्या डोक्यात पडेल. काम संपेपर्यंत कोणी चहाला जायचं नाही, बिडीला जायचं नाही. मीही नाही."

त्यानं रंधा खाली ठेवला. "पडली तर?"

"पडली तर सगळ्यांच्या हातून पडली."

त्यानं माणसांना गोळा केलं. कुरकुर झाली, पण रविवार कोणालाच घालवायचा नव्हता. तरी दुपार गेली त्यात. कोणी आंघोळ करून आला, कोणाला आरतीच आठवेना, मग एक रंगारी म्हणाला त्याला सगळी येते आणि अर्ध्यात अडकला. सगळे हसले आणि त्यामुळे बरं झालं. दही तबेल्याच्या भैय्याकडून मी आणलं. मुकादमानं शिडीवर चढून तिच्या हातावर ठेवलं. मी दाराशी उभा होतो, डोक्यावर टोपी, चपला बाहेर. चौथऱ्याखाली पहारी घातल्या आणि सगळ्यांनी एकदम जोर दिला. लाकूड करकरलं. अंगठ्याच्या जाडीएवढी सरकली.

"हलली," कोणीतरी म्हणालं. पहारी खाली आल्या, हात जोडले गेले.

मग मी पाठीतून आत गेलो.

आतून तिला काही रूप नव्हतं. गोणपाट, माझ्या पट्ट्या, प्लास्टरचे ओघळ. जंबुरानं खिळे ओढत, पाचरी सैल करत मी एकेक हात सोडवत होतो आणि बाहेरून ते झेलत होते. मी आतून ओरडायचो, "डावा वरचा," आणि बाहेरून मुकादमाचा आवाज यायचा, "धरला." खाली चादर अंथरली होती. सगळं सावकाश होत होतं, कारण बाहेरची माणसं घाईच करीनात. साधं प्लास्टर असतं तर घंटाभरात झालं असतं. हे लोक हात उतरवून चादरीवर ठेवायचे, परत चादर सारखी करायचे. मी आत घामानं भिजत होतो आणि पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन बघत होतो. ते भिंतीवर वर वर सरकत होतं.

धड सुटलं तेव्हा ते ऊन पिवळं झालं होतं. राहिलं डोकं. मुकुटासकट सगळ्यांत जड. मानेचा दांडा मी खांद्यावर घेतला आणि एका हातानं पाचर शोधायला लागलो. पाचर फुगून बसली होती. दांड्याच्या पलीकडे मुकादमाचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आला.

"तेल्या," तो हळू म्हणाला, "दिवस गेला रे."

मला दिसत होतं. फटीत काही उरलं नव्हतं.

माझे वडील शुक्रवारी घाण्यात अर्धा दाणा असताना बैल सोडायचे. दिवस मावळला की मावळला. तेल वाया गेलं तर गेलं. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि मी सगळ्यांना तेच सांगत आलो होतो.

"तू जा," मुकादम म्हणाला. "आम्ही धरतो तोवर."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत? उद्या संध्याकाळपर्यंत?"

चारपाच जण हात वर करून उभे होते, कोणाचे दंड थरथरत होते. कोणी चहाला गेलं नव्हतं.

मी म्हणालो, "नीट धर." आणि पटाशी लावून पाचर ठोकून काढली.

डोकं खाली आलं. एक टवकासुद्धा उडाला नाही. त्यांनी ते चादरीवर आडवं ठेवलं आणि वर दुसरी चादर घातली. मी पाठीतून बाहेर आलो तेव्हा मॅनेजर दाराशी उभा होता. रिकामा चौथरा बघून तो खूश झाला. माझ्याकडे बघून म्हणाला, "चलो मिस्त्री. सनीचर तुम्हारा."

घरी गेलो तेव्हा दिवा लागलेला होता, ताटं झाकलेली होती. बायको चटईवर बसली होती. तिनं माझ्या अंगावरचं पांढरं बघितलं.

"मोडली?"

"खोलली. सगळ्यांनी मिळून."

"आणि शनिवार?"

"राहिला. सगळे राहिले."

"हा सोडून," ती म्हणाली. "एक देऊन बाकीचे घेतलेत म्हणायचं. दुकानदार झालात तुम्ही."

मी हात धुतले. नखांतलं प्लास्टर निघेना. तसाच मनुकांच्या रसाचा प्याला उचलून प्रार्थना म्हटली. प्याला थोडा सांडला. मानेचा दांडा धरून खांदा अवघडला होता, दुसरं काही नाही. बायकोनं फडक्यानं पुसलं आणि पुढे काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. मामांना मी हे कधीच सांगितलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा, "शनिवार आहे," एवढंच म्हणालो. खोटं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी घरीच होतो. हवी ती सुट्टी, हवा तो दिवस. चाळीच्या ओट्यावर बसलो तर समोरच्या रस्त्यानं हातगाडी आली. वर चादरी बांधलेल्या, पुढे मुकादम ओढतोय, मागून बाकीचे ढकलताहेत, सगळे अनवाणी. कामावर जायच्या आधी, कोणी न सांगता, ते तिला वर्सोव्याच्या खाडीवर घेऊन चालले होते. आमच्या चाळीपुढे मुकादमानं मान वळवली, मला बघितलं, पण हाक मारली नाही. माझा वार कोणता ते त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. आणि वार कुठलाही असता तरी त्या गाडीला हात लावणं मला जमणार नव्हतं, हेही मला ठाऊक होतं.

गाडी वळणावर गेली तेव्हा मी उभा राहिलो होतो.

"कुठे निघालात?" आतून बायको म्हणाली.

"कुठे नाही."

"मग बसा."

मी बसलो. थोड्या वेळानं परत उठलो.